भावोजींचा पंप

६ जानेवारी

टायरवाल्या एजंटानं दुकानाला ही डायरी दिली. भावोजी म्हणाले, "वहिनी, तुम्हीच घ्या. दिवसभर बोलूनही तुमचं उरतंच, ते ह्यात लिहा." टोमणा होता, पण कागद गुळगुळीत आहे म्हणून घेतली.

माझी शाळा गावातली, सातवीपर्यंत. एक खोली, चार वर्ग आणि एकच मास्तर, तोही दुपारी झोपायचा. तेव्हा शुद्धलेखन कुणी बघू नये.

आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान. सासऱ्यांनी काढलं, मग ह्यांनी चालवलं. हे जाऊन सात वर्षं झाली, आता धाकटे भावोजी चालवतात. मी दारातल्या स्टुलावर बसून पंक्चर काढते आणि गिऱ्हाइकांच्या खोड्या काढते. दुकानामागे माझी खोली, वर भावोजी आणि माझी जाऊ. तिला मी धाकटी म्हणते. जेवण तिघांचं एकत्र, माझ्याकडे.

गेले सहा महिने भावोजी माझ्यावर रागावलेत. काल बँकेतले साहेब आले. सीटच्या स्प्रिंगा बसल्या म्हणत होते. साहेबांचा घेर बघून मी म्हटलं, "साहेब, सीट मोडली नाही हो, शरण आलीय." साहेब स्वतः हसले. भावोजींनाही फस्सकन हसू आलं, आणि लगेच तोंड असं झालं, जशी कुणी पायावर हातोडी टाकलीय. हातातला पाना ठेवला आणि वर निघून गेले. अर्धा तास पत्ता नाही.

पूर्वी हाच माणूस माझ्या एका वाक्यावर चाक सोडून जमिनीवर लोळायचा.

११ जानेवारी

रागच आहे. सकाळचा चहा सोडला. सायकल हुकाला टांगायची तर गिऱ्हाइकाला म्हणतात, "तुम्हीच टांगा, माझा हात दुखतो." हात दुखणाऱ्या माणसानं नंतर तासभर वाकड्या रिमचा आऊट काढून ती सरळ केली. आणि आमच्या दुकानाचा सासऱ्यांपासूनचा नियम, दुरुस्त केलेली सायकल दुकानाच्या मालकानं स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून बघायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. गेले कित्येक महिने भावोजी सीटवर बसलेले नाहीत.

गुडघ्याखाली येणारा काळा रबरी अॅप्रन आणलाय. मी विचारलं, "भावोजी, बाळंतपण कुणाचं करायचंय?"

ओठ घट्ट दाबले, भिंतीकडे बघितलं, गेले वर.

शेजारच्या हार्डवेअरवाल्याशी कुजबुज चालते. मी गेले की दोघं गप्प. त्याला आमचा गाळा हवाय हे मला ठाऊक आहे. मला न विचारता दुकान सोडायचं घाटतंय. ठीक आहे. मीही कच्च्या गुरूची चेली नाही. जितकं टाळतील तितकं हसवणार. माणूस हसला की राग जातो.

१७ जानेवारी

आज कोडं सुटलं! भावोजींना बाईचा नाद लागलाय.

पुरावे माझ्याकडे आहेत. एक, अत्तर. बासष्टाव्या वर्षी, ग्रीसच्या हातांनी, अत्तर! दोन, आपल्या पँटी आपणच धुतात, धाकटीलाही हात लावू देत नाहीत. तीन, दर मंगळवारी दोन तास कुठेतरी जातात आणि विचारलं तर "काम होतं."

जेवताना मी धाकटीदेखत विचारलं, "भावोजी, मंगळवारची ती दिसायला कशी आहे? निदान पंक्चर तरी काढता येतं का तिला?"

धाकटी ताटावरून उठली. भावोजीही उठले, ते उलट्या पावलांनी, भिंतीला पाठ लावून दारापर्यंत गेले. एवढं नाटक कशाला? मी एकटीच जेवले. भाजी बरी झाली होती, पण उतरेना.

१८ जानेवारी

धाकटी सकाळीच खाली आली. ही बाई दिवसाला वीस शब्द बोलते, आणि त्यातले दहा "हो ताई" असतात. दाराला कडी लावून म्हणाली,

"ताई, तुमच्या पाया पडते. त्यांना हसवू नका."

"का? हसल्यानं काय झिजतात?"

"गळतं हो."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. गेल्याच्या गेल्या वर्षी भावोजींचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, गाठ कॅन्सरची होती, मग किरणांचे शेक दिले, ते सगळं मला माहीत आहे, डबे मीच नेत होते. गाठ गेली. पण तेव्हापासून हसलं, खोकलं, वजन उचललं, नुसतं खुर्चीतून उठलं तरी लघवी सुटते. दिवसाला पाच पाच पॅड. मंगळवारची बाई ही व्यायामाची बाई. खालचे स्नायू आवळायला शिकवते. वर्ष झालं आवळतायत, फरक नाही.

"आणि हार्डवेअरवाला?"

"त्याला जूनमध्ये गाळा द्यायचं म्हणतायत. दुकानात उभं राहायची लाज वाटते. मला म्हणाले, वहिनींना सांगू नकोस, त्यांची चेष्टा मला सहन होईल, पण हसू आलं तर काय करू?"

म्हणजे गेले सहा महिने मी त्या माणसाचा राग घालवत नव्हते. त्याला पळवत होते.



२३ जानेवारी

पाच दिवस तोंड बंद. बँकेतले साहेब नवीन सीट घालून आले, तरी काही बोलले नाही. ते म्हणाले, "काकू, बरं नाही का?" गिऱ्हाइकं चौकशी करून जातायत, जशी काय मीच आजारी.

शेवटी आज भावोजीच म्हणाले, "हिनं सांगितलं वाटतं."

"हो."

"मग आता सुतकात असल्यासारख्या बसणार आहात काय?"

"तुम्हीच सांगा, भावोजी. बोलू तर पंचाईत, न बोलू तर पंचाईत. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या ट्यूबा बुडवून बुडबुडे शोधता, आणि स्वतःचं गळतंय ते अॅप्रनाखाली झाकता?"

त्यांना हसू आलं. दोन्ही हातांनी पोट धरलं. मग आम्ही दोघंही दुसरीकडे बघत उभे राहिलो, आणि मी म्हटलं, "डॉक्टरकडे चला. धाकटी तिथे रडेल, म्हणून मी येते."

५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई तरुण आहे. पहिल्या भेटीत सांगितलं, चोवीस तासांतले पॅड जपून ठेवायचे आणि वजन करून आणायचं. कोऱ्या पॅडचं वजन वजा करायचं.

वजनकाटा माझ्या स्वयंपाकघरातला. धाकटी म्हणाली, "ताई, त्याच्यावर आपण पीठ मोजतो." मी म्हटलं, "पिशवीत बांधून ठेव, काट्याला काय कळतंय." भावोजी जिन्यात उभे होते, वजन ऐकायला. मी ओरडले, "साडेचारशे ग्रॅम, सुटे नाहीत!"

वरून आवाज आला, "वहिनी, तुमच्यामुळे आता पावशेर वाढवा."

पहिल्यांदा त्यांनीच चेष्टा केली. लिहून ठेवते.

९ फेब्रुवारी

आज सगळे रिपोर्ट हातात आले. दुर्बिणीनं आतून बघून झालंय. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकृत्या काढून समजावलं. मी स्टुलावर बसून ऐकत होते आणि भावोजी खिडकीबाहेर बघत होते, जशी काय माझीच केस.

एक, इंजेक्शन. लघवीच्या नळीला आतून फुगवटा आणायचा. सोपं, पण थोड्या दिवसांत विरतं. भावोजी म्हणाले, "म्हणजे रबर सोल्युशन नुसतं फासायचं, ठिगळाशिवाय." डॉक्टरीणबाई म्हणाली, "अगदी तसंच."

दोन, पट्टी. जाळीची पट्टी नळीखालून घालून तिला वर उचलून धरायची. थोडं गळत असेल त्यांना चांगली. आत यंत्र नाही, काही दाबायचं नाही. भावोजींचे डोळे चमकले. पण बाई म्हणाली, "तुमचं गळणं जास्त आहे, आणि शेक दिल्यामुळे तिथली कातडी कडक झालीय. पट्टी तुम्हाला पुरेल असं मी म्हणणार नाही."

तीन, पंप. नळीभोवती एक कडं बसवायचं, खाऱ्या पाण्यानं फुगलेलं, ते नळी दाबून धरतं. पोटात पाण्याचा छोटा फुगा. आणि पंप खालच्या पिशवीत. कुठली पिशवी ते बाईंनी प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर दाखवलं. मी छताचा पंखा बघितला. चार पाती होती.

"खात्री?" भावोजींनी विचारलं.

"बहुतेक जण जवळजवळ कोरडे होतात. एखादा थेंब कधीमधी. पण यंत्र आहे, आठ-दहा वर्षांत बदलावं लागू शकतं. कधी आत जंतू झाले तर काढावंही लागतं. आणि तुमचा धंदा काय?"

"सायकलचा."

बाईंनी पुन्हा पुतळ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "नेहमीच्या सीटवर बसायचं नाही. कडं बरोबर तिथेच दबतं. पुढे कधी विनाटोकाची सीट, तीही मला विचारून."

येताना रिक्षातून भावोजी जाणाऱ्या प्रत्येक सायकलची सीट बघत होते.

१२ फेब्रुवारी

तीन दिवस विचार चाललाय. आज चाकाचे छर्रे बदलता बदलता म्हणाले, "सायकल फिरवून न बघणारा सायकलवाला. भात न चाखणारा आचारी."

"आत्ता तरी कुठे फिरवता?"

"आत्ता फिरवत नाही, वहिनी. पुढे फिरवता येणार नाही. फरक आहे."

फरक आहे. दुकान वाचवायचं तर दुकानाचा नियम मोडायचा. ह्यांनी काय केलं असतं? ह्यांनी आधी चहा मागितला असता.

धाकटी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून लसूण सोलत होती. ती म्हणाली, "मी फिरवीन."

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं हिला कुणी सायकलला हात लावताना बघितलं नव्हतं.

"लग्नाआधी शाळेत सायकलनंच जायची," ती म्हणाली. "इथे कुणी विचारलं नाही."

लसूण बाजूला ठेवला, पदर खोचला, दाराशी उभी असलेली पोस्टमनची सायकल घेतली आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेली. एक हात सोडून घंटी वाजवत परत आली. म्हणाली, "मागचा ब्रेक उशिरा लागतो."

खरंच उशिरा लागत होता.

भावोजींनी संध्याकाळी फोन करून तारीख घेतली.

४ मार्च

काल ऑपरेशन झालं. दीड तास लागला. आज लघवीसाठी घातलेली नळी काढली. धाकटी रडली नाही, मी रडले, पण कॉरिडॉरमध्ये, आणि नर्सला सांगितलं फिनेलचा वास डोळ्यांत गेला.

भावोजींना एक कार्ड दिलंय, कायम खिशात ठेवायचं. कधी दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर आधी दाखवायचं, नाहीतर कुणी न बघता नळी घालेल आणि कड्याची वाट लागेल.

सहा आठवडे पंप बंदच ठेवणार. जखम भरू दे म्हणतात. म्हणजे तोवर पहिल्यासारखंच गळणार. भावोजी म्हणाले, "नवी सायकल आणली आणि कुलूप लावून ठेवली."

२५ मार्च

दुकान धाकटी आणि मी बघतोय. सायकली धाकटी फिरवते. पोस्टमन म्हणाला, "मालकांपेक्षा मालकीणबाई चुका जास्त काढतात." ती आता दिवसाला साठ-सत्तर शब्द बोलते.

भावोजी वर पडून असतात. जड उचलायची बंदी. मी वर जात नाही. वरून विचारतात, "वहिनी, आज कोण आलं होतं?" मी खालून नुसती नावं सांगते, किस्सा सांगत नाही. फार अवघड जातं. शिंक दाबून धरल्यासारखं.

१५ एप्रिल

काल पंप चालू केला. नर्सनं पडद्यामागे नेऊन शिकवलं. पाच मिनिटांत बाहेर आले. नर्स म्हणाली, "हा कागद वाचा." भावोजींनी घडी घालून खिशात टाकला. "पंपाचं मला शिकवायला नको, सिस्टर. चाळीस वर्षं तेच करतोय."

छाती फुगवून चालत होते. घरी आल्यावर पहिल्यांदा चहा मागितला. मी दोन कप दिले.

२२ एप्रिल

काहीतरी बिघडलंय. भावोजी दुकानात उतरले, तीन दिवस बरे होते. चालताना कोरडे, झोपेत कोरडे. पण मी समोर आले आणि हसू आलं की थेंब थेंब सुरू. लघवी करून आल्यावरही थोडा वेळ गळतं म्हणतात.

आज मी आत गेले तर मला बघताच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, हात अॅप्रनाखाली.

मी म्हटलं, "भावोजी, भिंतीला काय सांगताय? मलाही सांगा."

हसले. आणि मग त्यांचं तोंड पुन्हा तसंच झालं, जानेवारीतल्यासारखं. पुन्हा वर गेले.

२६ एप्रिल

रोज तेच. मी आले की भिंत. आता मी खोकून येते, म्हणजे त्यांना तयारी करायला वेळ मिळेल. त्यानं तर जास्तच झालं!

धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही नसता तेव्हा काहीच होत नाही."

ती वाईट बोलत नव्हती, जे दिसतं ते सांगत होती. पण मी खोलीत येऊन दार लावलं. बहिणीकडे जाऊन राहावं काय महिना दोन महिने? पिशवी काढून ठेवलीय कॉटवर.

संध्याकाळी हार्डवेअरवाला आला होता. भावोजी त्याला म्हणाले, "जूनचं पक्कं समजा."

२८ एप्रिल

दुपारी पिशवी भरून दुकानात गेले, निरोप घ्यायला. खोकले. भावोजी भिंतीकडे वळले.

"बहिणीकडे जाते, भावोजी. तुम्हाला आराम पडेल."

"अहो वहिनी, तुमचा दोष नाही. हा पंपच ढिला. आत्तासुद्धा तुमचा खोकला ऐकल्याबरोबर तीनदा दाबून घेतला, तरी बघा."

"काय दाबून घेतला?"

"पंप. तुम्ही येताय कळलं की मी आधी घट्ट करून ठेवतो. काल तर पाचदा दाबला. जितका दाबावा तितका मेला जास्त गळतो."

मी पिशवी खाली ठेवली. "नर्सनं काय सांगितलं होतं?"

"लघवीला जायचं तेव्हा दाबायचा, की कडं उघडतं. जाऊन झालं की परत दाबायचा, बंद करायला."

"परत दाबायचा असं ती म्हणाली?"

"ते सांगायला कशाला लागतं? उघडायला दाबला तर बंद करायलाही दाबायलाच हवा ना."

"तो कागद कुठाय?"

पंक्चरच्या डब्याखाली डाग पडू नये म्हणून अंथरला होता. मी उचलला, चष्मा लावला आणि मास्तरांसमोर उभी राहून धडा वाचावा तसा मोठ्यानं वाचला. पंप दाबला की कड्यातलं पाणी फुग्यात जातं आणि नळी उघडते. दोन-तीन मिनिटांत पाणी आपोआप कड्यात परत येतं आणि नळी बंद होते. बंद करण्यासाठी काहीही करू नये.

"आपोआप?" भावोजी म्हणाले.

"आपोआप."

"हवा न भरता ट्यूब फुगते?"

"तुमची फुगते."

ते स्टुलावर बसले. माझ्या स्टुलावर. "म्हणजे मी दोन आठवडे, तुम्ही आलात की..."

"नळ उघडून उभे राहत होतात. स्वागताला."

त्यांना जोरात हसू येत होतं. मी ओरडले, "थांबा! आत्ताच दाबलाय, तीन मिनिटं जाऊ द्यात!" भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आम्ही दोघं गाल फुगवून बसलो. धाकटी कुणाची तरी सायकल फिरवून आली, म्हणाली, "काय झालं? कोण गेलं?"

पिशवी परत आत नेऊन ठेवली.

१० मे

बारा दिवस झाले. भावोजी फक्त लघवीलाच पंप दाबतात. दिवसाला एक छोटा पॅड, तोही बहुतेक वेळा कोराच. हार्डवेअरवाल्याला धाकटीनं जाऊन सांगितलं, गाळा मिळणार नाही. त्यानं कारण विचारलं तर म्हणाली, "आम्हाला लागतो." पुढे एक शब्द नाही. मला ती जुनी वीस शब्दांची धाकटी एकदम आवडली.

आज रात्री जेवताना मी ठरवून सुरुवात केली. बँकेतल्या साहेबांची नवी सीटसुद्धा शरण आलीय, आणि ह्या खेपेला तर पांढरं फडकं दाखवत होती. भावोजी हसले. आधी जरा सांभाळून, मग दोन्ही हात टेबलावर टेकवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर तसेच बसून राहिले. आम्ही दोघी बघत होतो. हळूच उठले, मागे वळून खुर्चीवर हात फिरवला, आणि परत बसले.

"अजून सांगा," म्हणाले.

आणि मला एक सुचेल तर शपथ. तेव्हा भावोजीच बोलू लागले. मी दुकानात धडा वाचताना कशी उभी होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक हात पाठीमागे, आणि "नळी" म्हणताना कशी प्रत्येक वेळी छताकडे बघत होते. उठून नक्कल केली. हुबेहूब. धाकटी तर टेबलावर डोकं ठेवून हसली. मी हसले, पोट दुखेपर्यंत हसले, आणि मग एकदम उठले.

आता लिहायचं तर खरं लिहिते, ही डायरी कोण वाचतंय. मलाही गळतं, बारा वर्षं झाली. शिंक आली की पाय आवळून उभी राहते. ह्यांनाही कधी सांगितलं नाही. बाईमाणसाचं वय झालं की होतंच, असं आईपासून ऐकलेलं.

मी भिंतीला पाठ लावून दाराकडे सरकत होते. भावोजींची नक्कल मधेच थांबली. हा माणूस दोन वर्षं तसाच चाललाय, त्याला ती चाल ओळखायला काय वेळ लागतो? पण हसला नाही. ताट पुढे ओढलं आणि सहज म्हणाला,

"वहिनी, डॉक्टरीणबाई मंगळवारी बायकांनाही तपासतात. सकाळी नंबर लावतो."

मी काहीतरी टोला द्यायला तोंड उघडलं. धाकटी ताटं गोळा करत होती, वर न बघता म्हणाली,

"लावणारच आहात तर दोघींचा लावा."

मंगळवारी दुकान भावोजी एकटे बघणार आहेत. पंक्चरसुद्धा.